रस्ता ओढ्यापर्यंतच का? जिल्हा परिषदेच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
आमची जिल्हा परिषद

विषय: सर्वसाधारण सभेपुढं आलेला रस्ते दर्जोन्नतीचा ठराव आणि त्यात अडकलेला आमचा ओढा

सप्रेम नमस्कार.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर रस्त्यांचा एक ठराव आहे. तालुक्यातले काही इतर जिल्हा मार्ग दर्जोन्नत करून प्रमुख जिल्हा मार्ग करायचे, ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडं वर्ग करायचे आणि त्याला जिल्हा परिषदेची ना-हरकत द्यायची, असा त्याचा मजकूर. सोबत यादी जोडलेली आहे. यादी कुणी वाचत नाही हे मी अनुभवानं सांगतो. पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होतो (पुढच्या खेपेला पडलो, तो विषय वेगळा). त्या पाच वर्षांत 'सोबतच्या यादीप्रमाणे' या शब्दांवर किती वेळा हात वर केला याची गणती नाही. म्हणून हे पत्र सभेच्या आधी.

यादीतला सातवा रस्ता आमचा. त्याच्यापुढं लिहिलंय, 'कि.मी. 2/000 ते 8/400'. तुम्हाला तो नुसता आकडा दिसेल. 8/400 ला, म्हणजे आठ किलोमीटर चारशे मीटरवर, ओढा आहे, ओढ्यावर दगडी फरशी म्हणजे बुटका पूल आहे आणि फरशीच्या पलीकडं आमचं गाव आहे.

रस्ता मुळात पंधरा किलोमीटरचा. तालुक्याच्या गावातून निघतो आणि शेजारच्या तालुक्यात राज्य महामार्गाला मिळतो. सलग एकच रस्ता, पण तुकडे पाच. पहिले दोन किलोमीटर नगरपंचायतीचे. 2014 नंतर राज्यभर तालुक्यांच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या, तशी आमच्याकडंही झाली आणि त्या हद्दीतून जिल्हा परिषदेनं अंग काढून घेतलं. तिथून ओढ्यापर्यंत तुमचा इजिमा, म्हणजे इतर जिल्हा मार्ग. ओढ्यापासून गावठाण संपेपर्यंत ग्रामपंचायतीचं काँक्रीट. पुढं साडेतीन किलोमीटर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून झालेला ग्रामीण मार्ग. शेवटचा तुकडा कालव्याच्या भरावावरून जातो, तो पाटबंधाऱ्याचा. त्यांचं म्हणणं, हा रस्ताच नव्हे, ही कालव्याची देखभालीची वाट आहे. त्यावरून दिवसातून चार वेळा एस.टी. जाते, पण ते त्यांना अधिकृतपणे माहीत नाही.

मी गावातल्या दूध संस्थेचं काम बघतो. सकाळी साडेसहाला टँकर येतो तो ओढ्याच्या अलीकडं थांबतो. पावसाळ्यात तर थांबतोच, पण उन्हाळ्यातही ड्रायव्हर फरशीवर गाडी घालायला राजी नसतो. मग आम्ही कॅन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ओढा ओलांडतो आणि अलीकडं टँकरमध्ये दूध ओततो. तुम्ही कधी तिथं उभे राहिलात तर एक गंमत दिसेल. इकडून येणारं डांबर फरशीच्या दोन हात अलीकडं सरळ रेघेत थांबलंय, पट्टी लावून कापल्यासारखं. पलीकडून ग्रामपंचायतीनं काँक्रीट केलं, तेही फरशीच्या दोन हात पलीकडं थांबलं. दोघांनीही आपापल्या अंदाजपत्रकाप्रमाणे काम पूर्ण केलं. दोन्ही बाजूंना जे दोन-दोन हात उरले तिथं खड्डे आहेत. बाकी खड्डे पावसानं पडतात, हे दोन हद्दीनं पडलेत.

तीन वर्षांपूर्वी माहितीच्या अधिकारात एवढंच विचारलं, की ही फरशी कुणाच्या ताब्यात आहे? पहिल्या कार्यालयानं अर्ज कलम 6(3) खाली दुसऱ्याकडं वर्ग केला. दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. तिसऱ्यानं पुन्हा पहिल्याकडं पाठवला. दहा रुपयांचं तिकीट लावलेला तो कागद माझ्या दुधाच्या गाडीपेक्षा जास्त फिरला. शेवटी उत्तर आलं, 'सदर बांधकामाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.'

नोंद माझ्या आजीकडं होती. बहात्तरच्या दुष्काळात हा रस्ता झाला. ती आणि तिच्या दोन जावा इथं खडी फोडायला होत्या. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. मुकादम संध्याकाळी ढिगाला टेप लावून ब्रास मोजायचा आणि ढीग ढासळला तर मजुरी कापायचा, म्हणून बायका कडेचे दगड भिंतीसारखे रचून ठेवायच्या, हे ती हसत हसत सांगायची. फरशीचे दगड त्याच सालचे. रोजगार हमीचा कायदा पुढं 1977 ला झाला, पण आमच्यासारख्या किती गावांचे रस्ते त्याच्या आधीच बायकांच्या हातोडीनं झाले होते. आज ज्याची नोंद कुठल्याच कार्यालयात सापडत नाही, ते दगड उन्हात बसून कुणीतरी बसवलेले आहेत, एवढं सभागृहात लक्षात असावं.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. रस्ता कुणाकडं असावा? गावाकडं, तालुक्याकडं, जिल्ह्याकडं की राज्याकडं?

आजोबा शेवटपर्यंत जिल्हा परिषदेला 'लोकल बोर्ड' म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात 'बोर्डाची शाळा' आणि 'बोर्डाचा रस्ता' असायचा. त्यामागं जुना हिशेब आहे. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा 'लोकल फंड' म्हणून वेगळा घेतला जाऊ लागला. त्यातले दोन भाग रस्त्यांना आणि एक भाग शाळांना. इंग्रज काही आपल्या कळवळ्यानं हे करत नव्हते, त्यांना कापूस बंदरापर्यंत न्यायचा होता. पण हिशेबाची रीत सरळ होती. आणा इथला, रस्ता इथला. 1884 च्या कायद्यानं लोकल बोर्डं आली, तरी ही रीत साधारण तशीच राहिली.

मोटारी आल्या आणि सगळं फिरलं. मोटार एका बोर्डाच्या हद्दीत राहत नाही. 1927 मध्ये रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर. समितीचं म्हणणं असं की रस्त्यांचा खर्च आता प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या ऐपतीबाहेर गेलाय. त्यांनी पेट्रोलवर गॅलनमागं दोन आणे जादा घेऊन रस्त्यांसाठी वेगळा निधी करायला सांगितलं आणि 1929 पासून तो सुरूही झाला. शिफारस चुकीची नव्हती. पण तेव्हापासून रस्त्याचा पैसा वर जमा व्हायला लागला आणि बहुतेक रस्ते मात्र खालीच राहिले. आज माझ्या टेम्पोच्या डिझेलवरचा कर दिल्ली-मुंबईत जातो आणि टेम्पोचा पाटा मोडतो तो ग्रामपंचायतीच्या खड्ड्यात. जिल्हा परिषदेच्या हातात उरला सेस, म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर आणि असंच किरकोळ काही.

तुमच्या ठरावात जे प्रजिमा, इजिमा असे शब्द आहेत त्यांचा उगम आपल्याच नागपुरात आहे. 1943 च्या डिसेंबरात तिथं सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी रस्त्यांच्या पाच पायऱ्या ठरवल्या: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. या पायऱ्या पाडताना त्यांनी रस्ता कुणाचा हे आधी विचारलं नाही. रस्ता काय जोडतो हे विचारलं. गावाला गाव किंवा गावाला जवळचा मोठा रस्ता जोडतो तो ग्रामीण. पिकाचा भाग तालुक्याच्या ठिकाणाला, बाजाराला जोडतो तो इतर जिल्हा मार्ग. पिकाचे भाग आणि बाजारपेठा एकमेकांना किंवा महामार्गाला जोडतो तो प्रमुख जिल्हा मार्ग.

मग आमचा रस्ता काय जोडतो? दोन तालुके जोडतो, एक साखर कारखाना जोडतो, दोन आठवडी बाजार जोडतो आणि शेवटी राज्य महामार्गाला मिळतो. नागपूरच्या मोजमापानं तो पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत प्रमुख जिल्हा मार्ग आहे. तो बांधकाम विभागाकडं जावा असं मलाही वाटतं. तुमच्यातले काही जण म्हणतील, कामं हातातून जातील. जातील. कुणाच्या हातातून काय काय जाईल याची चर्चा चहाच्या टपरीवर झालेली आहे, ती इथं नको. पण साडेतीन लाख खर्च करून दोन वर्षांत उखडणारा डांबराचा एक हात टाकत राहण्यापेक्षा एकदा धड जाडीचा रस्ता होणार असेल तर जाऊ द्या.

माझी तक्रार दर्जोन्नतीवर नाही, 8/400 या आकड्यावर आहे. कारखान्याचं गेट आठव्या किलोमीटरला आहे. यादी करणाऱ्यांनी रस्ता गेटच्या जरा पुढं नेऊन थांबवला. ऊस मात्र तिथं थांबत नाही, तो तिथं येतो, आणि येतो ओढ्याच्या पलीकडून. गाळप सुरू झालं की दिवसरात्र दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आमच्या गावातून जातात. ग्रामसडक योजनेचा तुकडा पावणेचार मीटर रुंदीचा. समोरून दुसरा ट्रॅक्टर आला की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं. उतरताना डांबराची कड तुटते, तुटलेल्या कडेतून पाणी आत जातं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथं हातभर रस्ता नसतो. म्हणजे रस्त्यावरचा सगळ्यात जड बोजा ज्या भागावर पडतो तो भाग ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडं, आणि जो भाग आधीच बरा आहे तो राज्याकडं. उचलायला सोपं तेवढं वर द्यायचं आणि अवघड ते खाली ठेवायचं, असाच याचा अर्थ होतो.

म्हणून माझी पहिली विनंती: दर्जोन्नती द्यायची तर नाक्यापासून नाक्यापर्यंत द्या. किलोमीटरच्या आकड्यानं रस्ता तोडून देऊ नका. ठरावात 'कि.मी. 2/000 ते 15/000' असं लिहा आणि 'ओढ्यावरील फरशीसह' हे दोन शब्द मुद्दाम घाला. नाहीतर ती पुन्हा दोन कागदांच्या मधे पडेल. कालव्याच्या भरावाचा तुकडा पाटबंधाऱ्याकडून सोडवून घ्यावा लागेल. ते काम आमची ग्रामपंचायत दहा वर्षं पत्रं लिहून करू शकलेली नाही, तुम्ही एका बैठकीत करू शकता.

दुसरी गोष्ट तारखेची. रस्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मधे एक काळ असा येतो की तो कुणाच्याच हातात नसतो. जिल्हा परिषद म्हणते, आम्ही ना-हरकत दिली, आता खर्च कसा करणार? बांधकाम विभाग म्हणतो, आम्ही ताबा घेतलेला नाही, खर्च कसा करणार? हे मोठ्या रस्त्यांचंही झालंय. काही वर्षांपूर्वी राज्यातले कितीतरी रस्ते 'तत्त्वतः' राष्ट्रीय महामार्ग झाले. फलक लागले, सत्कार झाले. मग राज्य म्हणायला लागलं, हे केंद्राचे, आणि केंद्राची अधिसूचना निघालेली नव्हती. त्या 'तत्त्वतः'मध्ये लोकांनी दोन-दोन पावसाळे काढले. तेव्हा ठरावात एक वाक्य असू द्या, की नवा मालक लेखी ताबा घेईपर्यंत खड्डे बुजवायची जबाबदारी जुन्याचीच राहील. एवढं एक वाक्य लिहायला पैसे लागत नाहीत.

मनात आलं तर दर्जा किती झटपट बदलतो हे आपण सगळ्यांनी 2017 ला बघितलंय. सर्वोच्च न्यायालयानं 2016 च्या डिसेंबरात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली आणि देशभर राज्य सरकारांना अचानक आठवलं, की अरे, शहरातून जाणारे हे रस्ते तर महामार्ग नाहीतच, हे नगरपालिकेचे! वर्षानुवर्षं न हलणाऱ्या फायली महिन्याभरात हलल्या. आमच्या ओढ्याच्या पलीकडं एखादी परमिट रूम असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती, असं कधीकधी वाटतं.

आता पैशाचं. तुम्हाला 'पंचवीस-पंधरा', 'तीस-चोपन्न', 'पन्नास-चोपन्न' हे आकडे तोंडपाठ आहेत. पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: 5054 हे रस्ते-पूल बांधण्याच्या भांडवली खर्चाचं लेखाशीर्ष, 3054 हे प्रामुख्यानं देखभाल-दुरुस्तीचं आणि 2515 मधून गावातली मूलभूत सुविधांची किरकोळ कामं. गावात सगळ्यांना पन्नास-चोपन्न आणि पंचवीस-पंधरा हवे असतात, कारण त्यांचा नारळ फुटतो, फोटो निघतो. मोरीतला गाळ काढल्याचा नारळ कुणी फोडत नाही. शिवाय जिल्हा परिषदेच्या रस्त्यांचा बराचसा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो, आणि तिथं अध्यक्ष पालकमंत्री. म्हणजे रस्ता तुमचा आणि कुठल्या रस्त्याला पैसे हे ठरवणार दुसरं कुणी. 73 व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल हा विषय पंचायतींसाठी ठेवला खरा, पण 243-छ कलमात शब्द आहे तो राज्याचं विधिमंडळ असे अधिकार 'देऊ शकेल' असा. 'देईल' नव्हे. त्या एका क्रियापदावर गेली तीस वर्षं सगळा कारभार चाललाय.

केरळनं हे जरा वेगळं केलं. तिथल्या 1994 च्या पंचायत कायद्यानं राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सोडून गावातले बाकीचे सार्वजनिक रस्ते ग्रामपंचायतीकडं दिले. नुसते दिले असते तर पंचायती बुडाल्या असत्या. पण तिथं राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीवरून स्थानिक संस्थांना देखभालीचा निधी वेगळा मिळतो आणि त्यातही रस्त्यांचा वाटा वेगळा काढलेला असतो. तो पैसा नव्या बांधकामात वळवायचा मोह होतो, तो तिथंही होत असणार, माणसं सगळीकडं सारखीच. पण हिशेबाचं पान तरी वेगळं आहे.

आपल्याकडं 1961 च्या कायद्यानं जिल्हा परिषदा झाल्या. वसंतराव नाईक समितीनं जिल्ह्यालाच बळकट करायचं ठरवलं होतं, गावाला किंवा तालुक्याला नव्हे, आणि 1 मे 1962 पासून तसा कारभार सुरू झाला. इजिमा आणि ग्रामीण मार्ग तुमच्याकडं आहेत ते त्यामुळंच. राज्यात तीन लाख किलोमीटरच्या वर रस्ते आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त याच दोन खालच्या पायऱ्यांवरचे. एवढं मोठं घर तुमच्या ताब्यात आहे आणि झाडू दुसऱ्याच्या कपाटात. त्यात 2022 च्या मार्चपासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, तीन वर्षांहून जास्त काळ. त्या काळात कुणाचे कुठले रस्ते कुठं वर्ग झाले हे विचारायला सभागृहच नव्हतं. आता आहे, म्हणून विचारतोय.

आणि झाडू म्हणजे शब्दशः झाडूच. वयस्कर सदस्यांना मैलकुली आठवत असेल. खांद्यावर फावडं, हातात घमेलं, डोक्याला मुंडासं. रस्त्याचा ठरावीक भाग त्याच्याकडं असायचा. आमच्या रस्त्याचा मैलकुली मी शाळेत असताना बघितलाय. पहिला मोठा पाऊस झाला की तो गटाराला लागायचा. साइडपट्टीला ठरावीक अंतरावर फावड्यानं तिरकी चारी मारायचा, म्हणजे डांबरावरचं पाणी बाजूला उतरावं. पाइप मोरीत बांबू घालून अडकलेला पाला काढायचा. बाभळीची फांदी वळणावर आली की कोयत्यानं छाटायचा. एवढंच काम. त्याला डांबर लागत नव्हतं, रोलर लागत नव्हता, निविदा लागत नव्हती. रस्ता गाड्यांनी जेवढा मरतो त्यापेक्षा जास्त पाण्यानं मरतो, हे कुठलाही शाखा अभियंता तुम्हाला सांगेल, आणि पाण्यावर हे एकच औषध आहे. ती माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत. आता ओव्हरसियर एका फेरीत चाळीस किलोमीटर बघतो, तेही गाडीच्या काचेतून.

इथं माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. रस्ता कुणाकडं, या प्रश्नाचं एकच उत्तर शोधायला गेलं की चुकतं. जाडी ठरवणं, पूल बांधणं, डांबराचा थर देणं, ही कामं ज्याच्याकडं अभियंते आणि यंत्रं आहेत त्यानं करावीत. दोन तालुके जोडणाऱ्या रस्त्याला तो बांधकाम विभाग. पण कुठली मोरी तुंबली हे आमच्या गावच्या शेळ्या राखणाऱ्या पोरालाही जूनच्या पहिल्या आठवड्यात कळतं. मंडळ कार्यालयात ते ऑगस्टमध्ये रस्ता खचल्यावर कळतं. मग रस्त्याचा मालक कुणीही असो, गटार, साइडपट्टी, मोऱ्या आणि झुडपं यांचं वर्षाचं काम किलोमीटरमागं ठरलेल्या पैशात त्या त्या ग्रामपंचायतीला का देऊ नये? काम मे अखेर व्हावं, शाखा अभियंत्यानं बघून सही करावी, मग पैसे द्यावेत. नाही केलं तर देऊ नयेत. ग्रामपंचायतीत गोलमाल होईल म्हणाल, तर होईल, मी आत राहून बघितलंय. पण मोरी साफ झाली की नाही हे गावात लपत नाही. रोज तिच्यावरूनच जायचं असतं.

ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला पहिली पाच वर्षं ठेकेदारानं देखभाल करायची असते. ती मुदत असेपर्यंत आमचा तुकडाही बरा होता, हे कबूल केलं पाहिजे. मुदत संपली आणि रस्ता जिल्हा परिषदेच्या नावावर आला, त्याच्यासोबत पैसा मात्र आला नाही. वेशीबाहेर त्याचा फलक अजून उभा आहे. कामाची किंमत, ठेकेदाराचं नाव, दोष दायित्व कालावधी, सगळं ठळक वाचता येतं. फलकाच्या पायाशी रस्ता नाही, पण फलकाला गंजसुद्धा चढलेला नाही. तोच ठेकेदार घ्या पुढच्या वेळी, निदान फलक चांगले करतो.

गावठाणाच्या भागाबद्दल आमच्याच लोकांना राग येईल असं एक बोलतो. तो तुकडासुद्धा सलग रस्त्यात जाऊ द्यावा. 'आमच्या गावातला रस्ता आमचाच' हे ऐकायला बरं वाटतं, पण त्या जोरावर आम्ही त्याचं काय केलंय? पायऱ्या पुढं आल्या, ओटे पुढं आले, एकानं तर न्हाणीचं पाणी सोडायला काँक्रीट फोडलं. जलजीवनच्या पाइपलाइनला चर खणला तेव्हा बुजवून कोण देणार हे कुणी ठरवलं नाही. चर खणायला परवानगी कुणी दिली, म्हणून विचारलं तर सरपंच म्हणाले, मागितलीच नव्हती. ग्रामपंचायतीला आपल्याच भावकीतलं अतिक्रमण काढणं जमत नाही. ज्याचं मत पाच वर्षांनी पुन्हा मागायचं आहे त्याचा ओटा कोण पाडेल? हे काम जरा लांबच्या माणसाचं आहे. गटार आमचं, रस्त्याची हद्द त्यांची, अशी वाटणी असावी.

पाणंद रस्त्यांना मात्र हात लावू नका. ते शेतात जाणारे रस्ते. ते कुणाकडंही वर्ग करून सुधारणार नाहीत. तिथली भांडणं बांधावरची असतात, तहसीलदाराची आणि गावातल्या चार शहाण्यांची असतात. त्यावर लिहायला बसलो तर दुसरं पत्र होईल.

मालक कोण हे ठरलेलं असण्याला आता आणखी एक अर्थ आलाय. 2025 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळं मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. मुंबईतही हीच भांडणं वर्षानुवर्षं चालली होती, खड्डा पालिकेचा की प्राधिकरणाचा की बांधकाम विभागाचा. शेवटी पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 ला महापालिकेकडं देण्यात आले, म्हणजे निदान बोट एका दिशेला तरी दाखवता येतं. आमच्या फरशीवर उद्या कुणी पडला तर त्याच्या घरच्यांनी कुणाच्या दारात जायचं? मागच्या पावसाळ्यात दहावीतला एक मुलगा सायकलसकट खड्ड्यात गेला. मनगटावर निभावलं. त्याच्या आईनं मला विचारलं, अर्ज कुणाला करायचा, तुम्हाला माहिती असेल. मी अभिलेखात नोंद नसल्याचं ते पत्र तिला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं.

सभेच्या दिवशी ठराव पुकारला जाईल तेव्हा यादीतला सातवा क्रमांक वाचायला सांगा. आणि जमलं तर त्याआधी एकदा इकडं या. सोबत ताफा नको, मोटारसायकलवर या, नाहीतर सकाळच्या पहिल्या एस.टी.नं. ती सहा दहाला सुटते. कंडक्टरला ओढ्यापाशी थांबवायला सांगावं लागत नाही, फरशी आली की गाडी आपोआप हळू होते. साडेसहाला मी तिथंच असतो, कॅन उतरवायला. टेप मी आणतो. फरशी लांबीला सतरा मीटर भरते, मोजून ठेवलीय, पण तुमच्या हातानं मोजलेली बरी.

आपला,
दूध संस्थेत काम करणारा एक माजी ग्रामपंचायत सदस्य